पानिंगचा भाडेकरू

सत्तेचाळीस वर्षांचा, सगळे दात शाबूत असलेला, धडधाकट हातापायांचा माणूस नोकरी सोडून परक्या देशात येतो, समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसतो आणि का रे बाबा म्हणून विचारलं तर "पुरे झालं" एवढंच सांगतो. अशा माणसावर कोण विश्वास ठेवील? पानिंगने तरी नाही ठेवला.

त्याचं नाव वेंडेल. अमेरिकेत ओहायोकडे कुठल्याशा गावच्या पाणीपुरवठ्यात तो कामाला होता. आमच्या कामिगिन बेटावर गोरा माणूस दिसला की तो 'कानो', मग तो कुठल्याही देशाचा असो. कानो इथे पुष्कळ येतात. पण ते येतात म्हातारे होऊन, काठी टेकत, नाहीतर मग तरण्या बायकोच्या खांद्यावर हात टाकून. त्यांचं येणं समजतं. वेंडेलला काठी नव्हती, बायको नव्हती, दारूचा नाद नव्हता. स्वतःची चड्डी-बनियन तो स्वतः धुऊन दोरीवर घालायचा, चिमटेसुद्धा लावायचा.

"माणूस इतका साधा नसतो गं," पानिंग शेजारच्या तासिंगला म्हणाली. "कुठंतरी पाणी मुरतंय."

पानिंग म्हणजे एपिफानिया आबाओ. वय पासष्टीच्या पुढचं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली आणि उरलेल्या निम्म्यांच्या मुरगळलेल्या पायांना तिनेच खोबरेल चोळलं. तिच्या बोटांना माणसाच्या अंगातलं सगळं कळायचं. मनातलं मात्र एकदा कळलं नव्हतं आणि ते तिला फार महागात पडलं. तिचा नवरा सेल्सो ऐन तिशीत लाकडाच्या वखारीत काम मिळतंय म्हणून बोटीने समोरच्या मोठ्या बेटावर गेला. "महिन्याभरात येतो," म्हणाला. पानिंगने वाटेत खायला भात आणि सुकी मासळी बांधून दिली आणि धाकट्याला कडेवर घेऊन धक्क्यावर हात हलवत उभी राहिली. सेल्सो आलाच नाही. वर्षा-दीड वर्षाने गावातल्या कुणीतरी त्याला तिकडे बुतुआन शहराच्या बाजारात पाहिलं, सोबत दुसरी बाई आणि तिच्या कडेवर दुसरं मूल. तेव्हापासून पानिंगने कानाला खडा लावला. माणूस जे बोलतो त्याच्या मागे काहीतरी वेगळं असतंच, आणि ते आधी शोधायचं, हात मागाहून हलवायचा.

वेंडेल राहत होता ते घर पानिंगच्या लेकीचं. एदेलिझा तिचं नाव, घरात देलिंग. ती वीसेक वर्षं हाँगकाँगला घरकामाला होती. तिच्या कमाईतून आधी खालचा मजला झाला, मग वरचा, मग फरशी, मग कठड्याला पांढरे गोल खांब. गावात तेवढे खांब फक्त चर्चला होते. पण त्या घरात देलिंग सलग पंधरा रात्रीसुद्धा झोपली नव्हती. पानिंगला फरशीवर गुडघे दुखायचे, म्हणून ती मागच्या जुन्या बांबूच्या घरातच राहायची. नवीन घर नुसतंच उभं होतं, आत पाली आणि बाहेर कोंबड्या. शेवटी देलिंगनेच फोनवरून भाडेकरू ठरवला. पानिंगला कुणी विचारलं नाही. हेही तिला पहिल्यापासून खुपत होतंच.

तासिंगचं दुकान म्हणजे आमच्या वस्तीचं कोर्ट. पुढ्यात साबणाच्या वड्या आणि सार्डिनचे डबे, मागे पंखा, आणि मध्ये तासिंग. वेंडेलचा खटला तिथे रोज चालायचा.

"पोलीस मागे असणार," तासिंग म्हणाली. "बँक लुटून आलाय."

"बँक लुटणारा असा फाटक्या चपलेत फिरतो होय?"

"म्हणूनच तर फिरतो! नांग पानिंग, तू एवढी शहाणी, तुला एवढं कळू नये?"

थोरल्या बाईला आमच्यात नांग म्हणतात. तासिंग पानिंगपेक्षा वर्षा-दोन वर्षांनीच लहान होती, पण टोमणा मारायचा असला की तिला नांग हमखास आठवायची.

"रोग असंल एखादा," पानिंगचा मुलगा रोमेल रिक्षातून मान काढून म्हणाला. रोमेलची रिक्षा देलिंगनेच घेऊन दिली होती, आणि ती बहुतेक वेळ तासिंगच्या दुकानासमोरच उभी असायची.

"रोग नाही," पानिंग म्हणाली. "मी नखं पाहिली त्याची. डोळ्याच्या खालची पापणी पाहिली. बैलासारखा आहे."

मग एके सकाळी वेंडेल कुदळ घेऊन परसात खणताना दिसला आणि कोर्टात नवाच खटला उभा राहिला. लढाईच्या काळात जपान्यांनी पळताना डोंगरात, समुद्रकाठी, कुठे कुठे सोनं पुरलं, ही गोष्ट आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पोटात जाते. कुणी परका खणायला लागला की दुसरं काही मनात येतच नाही.

पानिंग कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने गेली. वेंडेल गुडघाभर खड्ड्यात, घामाने निथळत होता. त्याला आमची भाषा बाजारातल्या मासळीवाल्यांनी शिकवली होती, त्यामुळे त्याच्या बोलण्यात अर्ध्या शिव्या असायच्या आणि त्याला ते ठाऊक नसायचं.

"काय खणतोस?"

"पाणी, नांग. पाणी इथे बसते. मच्छर होतो. मी पाणी समुद्राला पाठवतो."

"कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणून तर विचारते."

वेंडेलने गंभीरपणे मान हलवली. "नाही नांग. मुरत नाही. मुरत नाही म्हणून खणतो."

तो दुपारी पोहायला गेल्यावर पानिंगने त्या खड्ड्यात काठी खुपसून पाहिली. पुढे एकदा, मागे एकदा, मग खाली वाकून हातानेही. काळी वाळू लागली. चार दिवसांनी सर आली तेव्हा परसातलं पाणी खरंच सरळ समुद्राकडे वाहून गेलं. पण पानिंगचं समाधान झालं नाही. उलट तिच्या मनात आलं, इतकं चांगलं कशाला वागतोय हा?

एकदा तो फिरायला गेला असताना ती झाडूचं निमित्त करून वर गेली. खोलीत पलंग, मच्छरदाणी, दोन शर्ट, पोहायचा चष्मा, केळी. भिंतीवर एक फोटो नाही, उशाखाली काही नाही. पानिंग झाडू हातात धरून त्या रिकाम्या खोलीत बराच वेळ उभी राहिली. ती वरकरणी चोर शोधायला गेली होती. पण चोराच्या घरात निदान चोरी तरी असते. सेल्सो गेला तेव्हा त्याचंही असंच होतं. तो गेल्यानंतर तिने घर धुंडाळलं तेव्हा त्याच्या मागे राहिलेलं असं काहीच सापडलं नव्हतं. हळूहळू, तिच्या नकळत, त्याने सगळं आवरून ठेवलेलं होतं.

त्या संध्याकाळी वेंडेल विहिरीवर भेटला तेव्हा तिने सरळच विचारलं. "तुझे आईबाप?"

"बाप मेला. पाच वर्षं झाली."

"आणि?"

"आणि मी काम पुष्कळ केलं. घर विकलं. गाडी विकली. थोडं लागते मला. पुरे."

बापानंतर आई यायला हवी होती, ती आली नाही. सुईणीच्या कानाला असलं सुटलेलं लगेच कळतं. पण तेवढ्यात वेंडेलने तिची बादली उचलून दारापर्यंत नेली आणि विषय तिथेच राहिला.

यानंतर जे घडलं त्याने पानिंगचं लक्ष दुसरीकडेच गेलं. ती मागच्या दारात मासळी उन्हात पसरत होती आणि वरच्या गच्चीतून हसण्याचा आवाज आला. वेंडेलचा फोन कठड्यावर ठेवलेला होता, आणि त्यातून हसत होती ती देलिंग. तिची देलिंग. दर रविवारी आईला फोन करताना जिच्या तोंडून "हो मा", "पाठवते मा", "दमले आहे मा" याखेरीज काही निघत नसे, ती खळखळून हसत होती.

पानिंगच्या हातातली मासळी तशीच राहिली. असं आहे होय! आता तिला सगळं कळलं.

"लग्न करणार," तासिंगने निकाल दिला. "कानोला इथे जमीन घेता येत नाही, बायकोच्या नावाने घेता येते. तुझ्या लेकीशी लग्न केलं की घर त्याचं, अंगण त्याचं, समुद्रही त्याचा. तू आणि तुझ्या कोंबड्या रस्त्यावर."

"देलिंग इतकी वेडी नाही."

"वेडी नाही, एकटी आहे. एकटी बाई वेडीपेक्षा वाईट."

रोमेलही त्या दिवशी रिक्षातून खाली उतरला. "मा, ताई मला परवा विचारत होती, रिक्षाचं रोजचं किती सुटतं म्हणून. आजवर कधी विचारलं नव्हतं तिने. हा कानोच तिला पढवतोय."

पानिंगलाही आठवलं. गेले दोन-तीन रविवार देलिंग काहीतरी भलतंच विचारायची. उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहतं का? कोंबड्या अंडी नीट देतात का? मागच्या लांझोनेसच्या झाडांना यंदा फळ कसं आहे? पानिंगने उत्तरं दिली होती, पण दर वेळी गाडी वळवून रोमेलच्या गळक्या छपरावर आणि त्याच्या थोरलीच्या कॉलेजवर आणली होती. मालमत्तेची चौकशी चालली होती तर! आणि विचारणाऱ्या तोंडामागे दुसरंच कुणी होतं.

तिने भाडेकरूला हुसकवायचं ठरवलं. जा म्हणायची सोय नव्हती, घर लेकीचं. म्हणून तिने रोमेलचा झुंजीचा कोंबडा आणून वेंडेलच्या खिडकीखाली बांधला. हा कोंबडा पहाट कशाला म्हणतात ते न कळणारा होता, त्याला वाटेल तेव्हा आरवायचा. दोन दिवसांनी वेंडेल त्याला मक्याचे दाणे घालताना दिसला, आणि कोंबडा त्याच्या हातावर. मग तिने मासळी वाळत घालायची जागा बदलली, थेट त्याच्या जिन्याखाली. वेंडेल नाकाला रुमाल न लावता वर-खाली करू लागला आणि वर विचारलं, "नांग, हा कोणता मासा? मला शिकव." तिने पाद्रींच्या कानावर घातलं. पाद्री म्हणाले, "एपिफानिया, तो दर रविवारी प्रार्थनेला येतो. तुझा रोमेल येत नाही."

चहूकडून हात टेकले तेव्हा ती जिना चढून गेली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "माझ्या मुलीशी काय बोलतोस?"

वेंडेल दचकला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याची सावली दिसली, आणि पानिंगला आत कुठेतरी बरं वाटलं.

"ती सांगू नको म्हणाली," तो म्हणाला. "मी वचन दिलं. तिला विचार, नांग."

"म्हणजे आहे काहीतरी!"

"आहे."

यावर माणसाने काय बोलावं? चोर म्हणतो मी चोर आहे, पण पोलिसांना सांगणार नाही. पानिंग तणतणत खाली आली. त्या रविवारी तिने फोनची वाट पाहिली, चार शब्द सुनवायचेच म्हणून. फोन आला नाही.

फोन आला नाही, पण बुधवारी दुपारी देलिंगच आली. ना सणाला, ना कुणाच्या मयताला. बेनोनीच्या धक्क्यावरून गाडी करून, दोन पेट्या आणि एक मोठी पिशवी घेऊन ती अंगणात उतरली. पानिंग तांदूळ निवडत होती. सुपली बाजूला पडली.

"सुसमारियोसेप!" पानिंगने देवाचं नाव घेतलं. "तू?"

"मी." देलिंगने वाकून आईचा हात कपाळाला लावला.

"किती दिवस?"

"कायमची आले, मा."

पानिंगने लेकीला मिठी मारली खरी, पण मिठीतच तिचे हात कामाला लागले. पाठीचा कणा चाचपला, कमरेवरून बोटं फिरवली. मग तिला पायरीवर बसवून डोळ्याची पापणी खाली ओढली, घोटे दाबले, सुजलेत का पाहिलं.

"काय शोधतेस? पोटात मूल?" देलिंग म्हणाली. "त्रेचाळीस वर्षांची आहे मी."

"त्रेचाळिसाव्या वर्षीही होतात. मी काढलीत. मग रोग? काढून टाकलं? मालकिणीच्या घरातलं काही उचललंस? खरं सांग, मी आई आहे."

"मा, मी थांबले. काम थांबवलं. एवढंच."

"एवढंच कधी नसतं!" पानिंग ओरडली. "धडधाकट माणूस असा थांबत नाही!" आणि मग तिला तो दिसला. वेंडेल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता, खाली यावं की वर जावं या पेचात. "हा! यानेच. याने फितवलं तुला. काय दिलंस रे तिला? काय कबूल केलंस? घर पाहिजे ना तुला?"

तासिंग कुंपणाशी आली होतीच. तिने मीठ मागायला वाटी आणली होती, ती तशीच हातात राहिली.

देलिंग उठली नाही. पायरीवर बसूनच, आवाज न चढवता बोलायला लागली, आणि पानिंगला अधिक भीती वाटली ती त्या आवाजाची.

"त्याने काही कबूल केलं नाही. विचारलं मी. गच्ची गळते का ते बघायला फोन केला होता, तेव्हा सहज विचारलं, सर, थांबायचं कधी हे तुम्हाला कसं कळलं? तर तो मलाच म्हणाला, तुला दिवसाला काय लागतं? मा, मला उत्तर येईना. रोमेलला काय लागतं ते मला पाठ. त्याच्या थोरलीला काय लागतं, छपराला काय लागतं, तुझ्या गुडघ्यांच्या औषधाला काय लागतं. मला काय लागतं ते कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून तुला विचारायला लागले. विहीर, कोंबड्या, झाडं. इथे राहिले तर काय असेल, काय नसेल."

"मग सरळ सांगायचंस."

"सांगितलं. तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणालीस, रोमेलचं लग्न होऊ दे. मग म्हणालीस, वरचा मजला होऊ दे. मागच्या ख्रिसमसला म्हणालीस, थोरलीचं कॉलेज संपू दे."

पानिंग सांडलेले तांदूळ सुपलीत गोळा करायला लागली. म्हणाली असेल. आठवत नव्हतं, पण वाक्यं तिचीच होती, ओळखीची.

"हाँगकाँगला मी सांभाळायचे त्या म्हातारीला अकरा वर्षं आंघोळ घातली," देलिंग म्हणाली. "उन्हाळ्यात गेली ती बिचारी. तिच्या मुलीने लगेच दुसरी म्हातारी शोधून दिली, चांगली माणसं होती. मी त्या घराच्या दारापर्यंत गेले. घंटेवर बोट ठेवलं. मा, बोट दाबेचना. मुंग्या आल्यासारखं नुसतंच टेकलेलं. दारातून परत फिरले आणि खाली बाकावर बसले, तेव्हा मला हसूच आलं. रडू यायला हवं ना? हसू आलं."

तासिंग मीठ मागायचंसुद्धा विसरली. ही आमच्या गावात नोंद घेण्यासारखी गोष्ट.

पानिंगच्या मनात त्या क्षणी काय काय आलं ते तिने पुढे कधीतरी एकदाच सांगितलं. ती म्हणाली, सगळ्यांचे हात मी तपासत होते, कोण माझ्या लेकीच्या गळ्याला हात लावतोय म्हणून. आणि सगळ्यात घट्ट धरलेला हात माझा होता. पण हे मागाहून. त्या दुपारी एवढं कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. राग कुठेतरी काढायला हवा होता. ती वेंडेलकडे वळली, आणि विहिरीवर अर्धवट राहिलेला तो धागा तिच्या हाताला लागला.

"ठीक आहे. ही तर आली आपल्या घरी. तू कुणाला सोडून आलास?"

"कुणाला नाही."

"तुझी आई आहे की नाही?"

वेंडेलने देलिंगकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही.

"आहे," तो म्हणाला. "बहिणीकडे. एकोणऐंशी वर्षं."

"तिला ठाऊक आहे तू कायमचा आलास?"

तो जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडायला लागला. मग मासळीबाजारातल्या त्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "मी म्हटलं, थंडीपुरता जातो. थंडी संपली की येतो."

"ती थंडी कधीची?"

"मागची नाही. त्याच्या मागची."

"फोन करतोस?"

"पहिला करत होता. मग ती विचारते, कधी येतो. मग मी करत नाही."

पानिंग त्याच्या अगदी जवळ गेली. ती त्याच्या छातीलाही लागत नव्हती. सगळ्यांना वाटलं आता ही हात उगारणार. पण तिने त्याचं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसं, आणि हळूच म्हणाली, "मेला असं कळलं तरी बाई रडून मोकळी होते. येतो म्हणून न आलेल्याचं ताट किती वर्षं मांडायचं असतं, तुला आहे का ठाऊक? मला आहे. काम सोड, देश सोड, काय वाट्टेल ते सोड. पण तोंडावर सांगून सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे त्याच्या गावी आदल्या संध्याकाळी, वेंडेलने गच्चीत उभं राहून फोन लावला. पानिंग खाली कोंबड्यांना दाणे टाकत होती, आणि त्या दिवशी कोंबड्यांना फार वेळ दाणे मिळाले. इंग्रजी तिला समजत नव्हतं. पण फोनमधून म्हातारीचा आवाज येत होता तो कुठल्याही भाषेत समजला असता. आधी चढला, मग फाटला. वेंडेल मध्ये मध्ये फक्त "हो, मॉम" म्हणत होता. वरून खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला ठाऊकच होतं, पण तू सांगतोस का ते बघत होते."

पानिंगला ती बाई आवडली.

महिन्याभरात तो ओहायोला जाऊन यायला निघाला. देलिंगचं घर त्याने रिकामं करून दिलं, निचऱ्याचा चर शेवटपर्यंत दगडांनी बांधून दिला. जाताना पानिंगला म्हणाला, "मी परत येतो, नांग."

"आलास की मानीन," पानिंग म्हणाली आणि धक्क्यावर गेली नाही.

दुकानात यावर पैजा लागल्या. तासिंगचं म्हणणं, आईच्या हातचं खाऊन तो तिथेच राहील. रोमेल म्हणे, येईल, पण बायको घेऊन. वेंडेल ईस्टरआधीच्या उपासांत परतला. बारीक झाला होता, आणि बरोबर म्हातारीचा एक फोटो आणला होता, वर्तमानपत्राएवढा. आता तो तासिंगच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. त्यामुळे संशय घ्यायचं काम रीतसर तासिंगकडे गेलं आहे आणि ती ते मन लावून करते. देलिंग आणि तो कधी कधी बांधावरून बोलत उभे राहतात. त्यात काही आहे की नाही, हे पानिंगला अजून ठरवता आलेलं नाही. तिने विचारणं मात्र सोडलं. बघणं सोडलेलं नाही.

रोमेल सुरुवातीला दोन महिने आईच्या दारात आला नाही. मग एक दिवस रिक्षा धुऊन, त्यावर नवीन पताका लावून आला आणि न विचारता सांगून टाकलं की आता तो बेनोनीच्या धक्क्यावरून भाडी मारतो, दोन्ही बोटींना. देलिंगने त्याला शाबासकी दिली नाही, नुसतं ताट वाढलं. नारळाच्या दुधातली कोंबडी होती. तो तीनदा भात घेऊन जेवला आणि थोरलीच्या कॉलेजचं अर्धं तरी मी बघतो म्हणाला. अर्धं देलिंग अजूनही बघते. पुरे म्हटलं तरी सगळंच कुठे सुटतं?

गावाने मात्र देलिंगला सोडलं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर, बाजारात, पानिंगला बायका गाठायच्या. "काय गं नांग, लेक आली ती आलीच? काही झालं का तिकडे? मालकाने काही...?" आणि पानिंग, जिने हेच प्रश्न लेकीला अंगणात विचारले होते, त्या बायकांवर अशी खेकसायची की त्या मेणबत्त्या न लावताच घरी जायच्या.

एवढं झालं तरी स्वभावाला औषध नसतं. देलिंग पहिले कित्येक आठवडे बांबूच्या घरात आईशेजारीच झोपली. स्वतःच्या घरात तिला झोपच लागेना. मग हळूहळू ती वरच्या खोलीत राहायला गेली, आणि झोप लागायला लागली तर अशी लागली की वीस वर्षांची थकबाकी असावी. एकदा ऊन पार विहिरीच्या कठड्यावर आलं, मासळीवाली ओरडून गेली, तरी वर काही हालचाल नाही. पानिंगच्या मनात नाही नाही ते आलं. दुखणं लपवलं तर नसेल हिने? ती गुडघे धरत जिना चढली, मच्छरदाणी बाजूला केली आणि लेकीच्या नाकाखाली बोट धरलं.

देलिंगने एक डोळा उघडला. "जिवंत आहे, मा."

"ऊन बघ कुठे आलंय."

"येऊ दे," देलिंग म्हणाली आणि कूस बदलली.

पानिंगने खिडकी लोटून घेतली. मग फरशी थंड होती तरी पलंगाशी खाली बसली, आणि चादरीबाहेर आलेला लेकीचा पाय मांडीवर घेऊन हलक्या हाताने चोळायला लागली.